नैरोबीची नोकरी घ्यावी का? चाकणहून आलेल्या प्रश्नाला लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चाकणला कोरुगेटेड बॉक्सच्या कारखान्यात तुम्ही मेंटेनन्स सांभाळता. नैरोबीतल्या एका गुजराती मालकाच्या कारखान्याकडून महिना २५०० डॉलरची ऑफर आली आहे. बायको शिक्षिका, मुलगी चौथीत, आणि घरचे म्हणतायत, 'आफ्रिकेत काय ठेवलंय?' जावं का, गेलं तर काय बघून जावं, आणि तिथली माणसं आपल्याला कसं वागवतात, हे तुम्हाला हवंय. मी २०११ पासून नैरोबीत आहे, कारखान्यातच काम करतो. त्यामुळे जे रोज बघतो ते लिहितो. सगळं गोड नाही.

घरच्यांना पहिलं उत्तर हे द्या की तुम्ही आफ्रिकेत जात नाही, केनियात जाताय. त्या खंडात ५४ देश आहेत आणि नायजेरियातल्या लागोसचा अनुभव नैरोबीला लागू पडत नाही. आपल्याकडे ज्यांना हबशी म्हणत, त्यातला सर्वांत मोठा माणूस मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, आजचं छत्रपती संभाजीनगर. तो इथिओपियाचा. नैरोबीशी त्याचा तितकाच संबंध जितका पुण्याचा काबूलशी. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून बरीच वर. विषुववृत्ताच्या जवळ असूनही जुलैत स्वेटर लागतो. 'उन्हात करपशील' म्हणणाऱ्या काकांना एवढं सांगितलं तरी ते गप्प बसतील.

आता हिशेब. डॉलर सध्या १३० शिलिंगांच्या आसपास आहे, म्हणजे पगार सव्वातीन लाख शिलिंग. ऐकायला बरं वाटतं. पण महिना ३२ हजार शिलिंगांच्या वरच्या कमाईवर ३० टक्के आयकर आहे (पाच लाखांपुढे आणखी वाढतो, तो तुमचा प्रश्न नाही). शिवाय आरोग्य विम्याचे २.७५ टक्के, घरबांधणी लेव्हीचे १.५ टक्के आणि एनएसएसएफ म्हणजे इथला पीएफ. हातात साधारण सव्वादोन लाख शिलिंग पडतात, किंवा थोडे कमीच. पार्कलँड्स किंवा वेस्टलँड्समध्ये दोन-तीन बेडरूमचा बरा फ्लॅट साठ हजारांपासून लाखापर्यंत जातो. मग शाळेची फी. म्हणून पहिला प्रश्न मालकाला असा विचारा: २५०० कर कापून की कर धरून? घर कंपनीचं की तुमचं? शाळेची फी कोण देणार? ही तीन उत्तरं नीट आली तर ऑफर चांगली आहे. नाही आली तर चाकणला ओव्हरटाइम करून तुम्ही जवळपास तेवढेच वाचवाल, आणि आईवडील जवळ राहतील ते वेगळं.

करारात पगार डॉलरमध्येच लिहून घ्या. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर १६० शिलिंगांना टेकला होता, नंतर काही महिन्यांत १३० वर आला. ज्यांचा पगार शिलिंगात होता त्यांचे त्या काळात गावी पाठवायचे पैसे आटले. घरभाडं शिलिंगात आणि गृहकर्ज रुपयात असलेल्या माणसाला हे फार झोंबतं.

परमिटबद्दल मात्र कडक राहा. नोकरीसाठी क्लास डी वर्क परमिट लागतो. तो मालकाने काढायचा, आणि त्याची लाखांच्या घरातली फीही मालकानेच भरायची. 'तुम्ही आधी पर्यटक म्हणून या, परमिट मागून होईल' असं कोणी म्हणालं तर येऊ नका. पर्यटकाच्या प्रवेशावर काम करणं गुन्हा आहे. तपासणी झाली की मालक दंड भरून सुटतो, तुम्ही मात्र कोठडीतून थेट विमानतळावर. फार घाई असेल तर काही महिन्यांचा स्पेशल पास काढता येतो, तो कायदेशीर आहे. परमिट आला की परदेशी नागरिकाचं ओळखपत्र आणि केआरए पिन, म्हणजे इथल्या कर खात्याचा नंबर, काढायचा. पिनशिवाय बँकेतलं खातंसुद्धा उघडत नाही. बायकोला डिपेंडंट पास मिळेल, पण त्यावर तिला नोकरी करता येत नाही. शिकवायचं असेल तर तिच्या शाळेला तिच्यासाठी वेगळा परमिट काढावा लागेल, आणि त्यासाठी शाळा सहसा तयार होत नाहीत. बायकोचा पगार गृहीत धरून गणित मांडू नका. आणि हे तिला आधी सांगा. इथे येऊन रिकाम्या दुपारी मोजत बसलेल्या शिकलेल्या बायका मी बऱ्याच बघितल्या आहेत.

त्याच परमिटच्या अर्जात एक कलम असतं: अंडरस्टडी. म्हणजे तुमच्या हाताखाली एक केनियन तंत्रज्ञ नेमायचा, आणि त्याला तुमचं काम शिकवून दोन-चार वर्षांत तुमची जागा घेण्याइतका तयार करायचा. कागदावर तसंच लिहिलेलं असतं. बहुतेक कारखान्यांत तो माणूस फक्त कागदावर असतो. तुम्ही मला माणसांबद्दल विचारलंत, त्याचं खरं उत्तर या कलमात आहे. पण ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

नैरोबी नावाचं शहर १८९९ पूर्वी नव्हतं. इंग्रजांनी १८९६ मध्ये मोंबासाहून आत रेल्वे टाकायला घेतली. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर आणले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले. सावोच्या नरभक्षक सिंहांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, पण सिंहांपेक्षा तापाने आणि जुलाबाने कितीतरी जास्त नेले. १८९९ मध्ये रूळ एका दलदलीच्या माळावर पोचले, तिथे डेपो पडला, आणि तोच नैरोबी झाला. १९०१ मध्ये गाडी व्हिक्टोरिया सरोवराला लागली. बहुतेक मजूर परतले, सहा-सात हजार राहिले. पण आज जे 'मुहिंदी', म्हणजे भारतीय वंशाचे लोक, दिसतात ते बहुतांश त्या मजुरांचे वंशज नाहीत. रेल्वेमागून आलेल्या कच्छी-गुजराती दुकानदारांचे आणि गोव्याच्या कारकुनांचे ते वंशज. त्या काळी इथे चलनच हिंदुस्थानी रुपयाचं होतं, १९२० पर्यंत.

इंग्रजांनी मग तीन मजले बांधले. वर गोरे: थंड, सुपीक डोंगराळ जमीन त्यांची, तिला नावच 'व्हाइट हायलँड्स'. ती भारतीयालाही विकत घेता येत नसे. खाली आफ्रिकन: त्यांची जमीन काढून घेतलेली, गळ्यात 'किपांडे' नावाचा पास अडकवलेला, आणि कॉफीसारखं पैशाचं पीक लावायला पन्नासच्या दशकापर्यंत बहुतेकांना बंदी. मधल्या मजल्यावर आपण: दुकान, गोदाम, कारकुनी, रेल्वेचं वर्कशॉप. शहराचीही वाटणी तशीच. पार्कलँड्स भारतीयांचं, ईस्टलँड्स आफ्रिकनांचं. तुम्ही जिथे फ्लॅट शोधणार आहात तो भाग त्या नकाशाने ठरवलेला आहे, आणि तो नकाशा कायद्यातून गेला तरी घरभाड्यात शिल्लक आहे.

आता त्या काळच्या किकुयू जमातीच्या शेतमजुराच्या जागी उभे राहून बघा. गोरा साहेब त्याला क्वचित दिसे. पगार गोऱ्याच्या मळ्यावर मिळे आणि खर्च होई भारतीयाच्या दुकानात. मीठ, कापड, साखर, उधारी, माप, सगळं त्या एका गल्ल्यावर. साम्राज्याचा रोज दिसणारा चेहरा आपला होता. राग कुठे साठला असेल, ते सांगायला नको.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. भारतीयांना नागरिकत्व घ्यायला दोन वर्षं दिली. अनेकांनी घेतलं नाही, ब्रिटिश पासपोर्ट धरून ठेवला. १९६७ मध्ये दोन कायदे आले: नागरिक नसलेल्याला कामासाठी परमिट लागणार, आणि ठरावीक भागांत, ठरावीक मालाचा व्यापार त्याला करता येणार नाही. विमानं भरभरून लोक लंडनला निघाले, तेव्हा ब्रिटनने १९६८ मध्ये घाईघाईने कायदा करून स्वतःच्याच पासपोर्टवाल्यांना दार लावलं. शेजारच्या युगांडात १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने ९० दिवसांत आशियाई लोकांना हाकललं. नैरोबीत ऑगस्ट १९८२ च्या फसलेल्या लष्करी उठावात भारतीयांची दुकानं, घरं लुटली गेली. तुमचा होणारा मालक साठीचा असेल तर त्याने हे डोळ्यांनी पाहिलंय.

हे सगळं सांगायचं कारण, तुम्हाला ही नोकरी का मिळतेय ते यात आहे. केनियात चांगले मेकॅनिकल डिप्लोमावाले आहेत, भरपूर आहेत, आणि तुमच्या निम्म्याहून कमी पगारात मिळतात. तरी मालक चाकणहून माणूस आणतो. थोडं कौशल्यासाठी, हे खरंच. पण बरंचसं या जुन्या भीतीपोटी: मशीनची किल्ली 'आपल्या' माणसाच्या हातात असावी. आणि आपला माणूस परमिटवर असतो, त्यामुळे उद्या समोर दुसरा कारखाना काढून बसत नाही, हेही त्याने मनात धरलेलं असतं. मालक वाईट असतात असं नाही. बरेच चांगले आहेत, अडीअडचणीला मुलासारखं बघतात. पण तुम्ही कुठल्या खुर्चीत बसताय ते ओळखून बसा. खुर्ची मधल्या मजल्याचीच आहे.

तिथे बसूनही वेगळं वागता येतं, आणि वागलेली माणसं आहेत. पार्कलँड्सला सिटी पार्क नावाची बाग आहे, माकडांना शेंगदाणे घालायला लोक रविवारी जातात. तिथल्या जुन्या दफनभूमीत पिओ गामा पिंटो याची कबर आहे. आईवडील गोव्याचे, जन्म नैरोबीचा, शिक्षण भारतात. गोवा मुक्तीच्या कामात पडला, पोर्तुगीज मागे लागले म्हणून १९४९ मध्ये केनियात परत आला आणि इथल्या स्वातंत्र्याच्या कामात शिरला. इंग्रजांनी त्याला पाच वर्षं डांबून ठेवलं. स्वतंत्र केनियात तो खासदार झाला, जमिनी मोठ्या लोकांनी वाटून घेतल्या त्याविरुद्ध बोलायला लागला, आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला स्वतःच्या घराच्या फाटकात त्याला गोळ्या घातल्या. ३७ वर्षांचा होता. जवळच त्याचा मित्र जोसेफ मुरुंबी पुरलाय. बाप गोवेकर, आई मसाई. १९६६ मध्ये तो देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला पायउतार झाला. पंजाबातून आलेला माखन सिंग कामगार संघटना बांधत होता. पूर्ण स्वातंत्र्य हवं हे त्याने १९५० मध्येच जाहीर सभेत म्हटलं, आणि पुढची ११ वर्षं कैदेत काढली. ही नावं आपल्या लोकांपेक्षा केनियन कामगारांना जास्त माहीत असतात. माझ्या लाइनवरच्या एका म्हाताऱ्या फिटरने मला पिंटोबद्दल सांगितलं, तोवर मी सिटी पार्कला फक्त माकडांसाठी जात होतो.

आज स्थिती अशी: २०१९ च्या जनगणनेत पावणेपाच कोटी लोकांत केनियाचे नागरिक असलेले आशियाई पन्नास हजारांच्याही आत. २०१७ मध्ये सरकारने त्यांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. कागदावर ते इथलेच झाले. कारखाने, सुपरमार्केट, औषधं, पोलाद यांत त्यांचा वाटा मात्र संख्येच्या कितीतरी पट. त्यामुळे तुमच्याकडे बघणारा माणूस तुम्हाला आधी 'मालकाचा माणूस' म्हणून बघेल. तुम्ही कर्ज काढून आलेले नोकरदार आहात हे त्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. अंडरस्टडीला खरंच शिकवा. पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, पासवर्ड त्याच्याकडेही असू दे. तो तुमची जागा घेईल ही भीती मला पटत नाही: शिकवणारा म्हणून नाव झालेल्याला इथे दुसरा कारखाना लगेच उचलतो, आणि ज्याच्याशिवाय मशीन चालत नाही त्याला गणपतीला घरी जायला सुट्टी मिळत नाही. दुसरं, कामगारांसमोर मालकाशी हिंदी-गुजरातीत बोलू नका. त्यांना वाटतं आपल्याबद्दलच चाललंय, आणि अर्ध्या वेळा चाललेलं असतंच. तिसरं, सकाळी शॉपफ्लोअरवर गेल्यागेल्या 'मशीन का बंद' असं विचारू नका. आधी 'हबारी', मग घरचे कसे, मग रात्रपाळी कशी गेली, मग मशीन. आपल्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांना नमस्काराशिवाय कामाचं बोलणं उद्धटपणा वाटतो. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं, तो 'मराहाबा' म्हणेल. स्वाहिली सहा महिन्यांत कामापुरती येते, उच्चार मराठी माणसाला अजिबात जड नाहीत. एकच घोळ होईल: इथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. 'सा म्बिली', म्हणजे दोन वाजता, म्हणजे आपले सकाळचे आठ. घरकामाच्या बाईला वेळ सांगताना आधी खुलासा करून घ्या.

तुमच्या कारखान्याबद्दल थोडं. तुमच्या खोक्यांत बहुधा गुलाब जाणार आहेत. नैरोबीच्या वायव्येला नाइवाशा सरोवराभोवती हरितगृहं आहेत. उंची १९०० मीटरच्या आसपास, रात्री थंड, आणि विषुववृत्तामुळे वर्षभर बारा तासांचा दिवस. तळेगावच्या पॉलिहाउसवाल्यांना ज्या हवेसाठी झगडावं लागतं ती इथे फुकट आहे. रात्री फुलं विमानात, दुसऱ्या दिवशी हॉलंडच्या लिलावात. त्यामुळे तुमचा वर्षातला जीवघेणा काळ दिवाळीपूर्वी नाही, जानेवारीत असेल. व्हॅलेंटाइनच्या आधी खोकी कमी पडली तर फुलवाले मालकाच्या आणि मालक तुमच्या डोक्यावर. त्या महिन्यात रजा मागू नका. चहा हे दुसरं मोठं गिऱ्हाईक. केरिचोकडचा चहा मोंबासाच्या लिलावातून जगभर जातो. काळ्या चहाच्या निर्यातीत केनिया जगात सर्वांत पुढे.

मागासलेला देश म्हणून येणार असाल तर पहिल्या आठवड्यात गोंधळाल. भारतात यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी, मार्च २००७ मध्ये, इथे एम-पेसा सुरू झालं, तेही साध्या बटनाच्या फोनवर. भाजीवाल्या मामा म्बोगापासून घरभाड्यापर्यंत सगळं त्यावर. वीज प्रीपेड: टोकन घ्यायचं, मीटरमध्ये आकडे दाबायचे. वीज बहुतांशी भूगर्भातल्या वाफेची, पाण्याची आणि वाऱ्याची. नाइवाशाशेजारी ओल्कारियाला जमिनीतून वाफ काढून जनित्रं फिरवतात, जमल्यास जाऊन बघा. तरी ती जाते. आणि पाणी! नळाला आठवड्यातले काही दिवस, बाकी बोअर आणि टँकर. फ्लॅट घेताना फरशी बघू नका, बोअर आहे का आणि जनरेटर लिफ्टला आहे की घरांनाही, ते विचारा.

आणि त्याच वेळी इथे दहातले आठ कामकरी लोक 'जुआ काली'त, म्हणजे असंघटित कामधंद्यात आहेत: उन्हात बसून पत्रे ठोकणारे, मिटुंबा म्हणजे वापरलेले कपडे विकणारे, बोडाबोडा म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवणारे. त्यात पदवीधर किती तरी. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे २०१७ मध्ये चिनी कर्जावर झाली. गाडी उत्तम आहे, मुलीला घेऊन जरूर जा, सावोतून जाताना खिडकीतून हत्ती दिसतात. पण ते कर्ज आणि तसली बाकीची कर्जं फेडायला सरकार कर वाढवत गेलं. तुमच्या पगारपत्रकावरची ती घरबांधणीची लेव्ही २०२३ ची. २०२४ चं वित्त विधेयक आलं तेव्हा तरुण पोरं रस्त्यावर उतरली, २५ जूनला संसदेत घुसली, गोळीबार झाला, अनेक मेले, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी विधेयक मागे घेतलं. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा तेच दिवस. तुमचा अंडरस्टडी बहुधा त्याच वयाचा असेल. लेव्ही त्याचीही कापली जाते, आणि तुमच्या पगाराचा आकडा त्याला माहीत असतो. कारखान्यात पगार गुप्त राहत नाहीत.

सुरक्षेबद्दल. संध्याकाळनंतर पायी फिरू नका, टॅक्सी ॲपवरून बोलवा, शहराच्या मध्यभागी हातात फोन धरून चालू नका, गाडीची काच सिग्नलला वर ठेवा. एवढं पाळलं तर दिवस शांत जातात. मॉलच्या दारावर गाडीखाली आरसे फिरवतात, कारण २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर हल्ला होऊन ६७ जण मेले होते. पोलीस अडवून कागद बघतात, 'चाय'साठी सूचक हसतात. ओळखपत्र खिशात असेल तर हसून पुढे जाता येतं.

निवडणूक मात्र गंभीरपणे घ्या. २००७ च्या निकालानंतर अकराशेहून जास्त माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली. भांडण जमातींचं दिसतं, मुळाशी बरंचसं जमिनीचं आहे: गोऱ्यांनी सोडलेली जमीन कोणाला मिळाली आणि कोणाला नाही. २०१० च्या नव्या राज्यघटनेने ४७ काउंटींना पैसा आणि अधिकार दिले, तेव्हापासून सगळं केवळ नैरोबीच्या खुर्चीवर अवलंबून राहिलेलं नाही, २०२२ बरीच शांत गेली. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये. त्या महिन्यात बायको-मुलीला भारतात पाठवायची तजवीज ठेवा, स्वतः राहणार असाल तर पंधरा दिवसांचा किराणा भरा. करारात वर्षातून एक सहकुटुंब तिकीट सहसा असतं, ते त्या काळात वापरा.

मुलीची शाळा. तीन रस्ते आहेत. केनियन अभ्यासक्रम, जानेवारीत सुरू. ब्रिटिश, सप्टेंबरात सुरू, बहुतेक भारतीय मुलं तिथे, फी चटका लावणारी. आणि थोड्या सीबीएसईच्या शाळा. तीन-चार वर्षांत परतायचं पक्कं असेल तर सीबीएसईच घ्या. ब्रिटिश अभ्यासक्रमातून आठवी-नववीत मुलाला परत आपल्या शाळेत बसवताना आईबापांची दमछाक होते, मुलांची त्याहून जास्त. मराठी घरात बोलाल तेवढीच राहील. गणपतीला मराठी मंडळी जमतात, फराळ होतो, नाटुकली होतात. पण एकूण भारतीय वातावरण गुजराती आहे, मुलगी मराठीआधी गुजराती शिकेल.

खाण्याचे हाल नाहीत. पार्कलँड्सच्या डायमंड प्लाझात हिंगापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं, कोकम तेवढं घेऊन या. भाकरीचं पीठ बाजारात मागाल तेव्हा ज्वारीला म्टामा म्हणा, नाचणीला विंबी, बाजरीला मावेले. आणि घरच्यांनी पुन्हा 'आफ्रिकेत काय ठेवलंय' विचारलं तर सांगा, ही तिन्ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली. इथले लोक मक्याची उगाली आणि सुकुमा विकीची भाजी रोज खातात, कॅन्टीनमध्ये त्यांच्यासोबत बसून खा. डबा घेऊन वर ऑफिसात जाऊन जेवणारा भारतीय त्यांच्या चांगला लक्षात राहतो.

निघण्याआधीची कामं: पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा. केनियाहून भारतात परतताना ते मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात. सामान प्लास्टिकच्या कॅरीबॅगांत गुंडाळू नका, २०१७ पासून इथे त्यांवर कडक बंदी आहे. नैरोबीत मलेरियाचं फारसं भय नाही, पण मोंबासा किंवा किसुमूला जाताना डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. पदवीचे, अनुभवाचे आणि लग्नाचे दाखले साक्षांकित करून आणा, पोलीस दाखलाही काढा. नंतर इथून मागवताना जीव जातो.

घर विकत घ्यायचं मनात असेल तर घाई नको. परदेशी माणसाला जमीन जास्तीत जास्त ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानेच मिळते. आणि 'भागीदारीत धंदा टाकू' म्हणणारे पहिल्याच वर्षी भेटतील. गुंतवणूकदाराच्या क्लास जी परमिटला एक लाख डॉलर भांडवल दाखवावं लागतं, आणि तुमच्या क्लास डीवर दुसरा धंदा करता येत नाही. नाही म्हणायला तेवढं कारण पुरतं.

माझ्या मते, कर कंपनीने भरला, घर किंवा फी यातलं एक त्यांच्याकडे गेलं आणि परमिट हातात पडल्यावरच तिकीट निघालं, तर या. यातलं एक जरी कमी असेल तर चाकण सोडू नका. कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी तीन कलमं शोधा: मुदतीआधी काढलं तर परतीचं तिकीट आणि सामानाचा खर्च कोणाचा, पासपोर्ट तुमच्याच ताब्यात राहणार का, आणि अंडरस्टडी कोण, त्याचं नाव तिथे लिहिलंय का. नाव लिहिलेलं असेल तर मालकाने विचार करून माणूस मागवलाय. रिकामी जागा सोडली असेल तर ती कोण भरणार, हे फोनवरच विचारून घ्या.